२५६ जीबीच्या लॅपटॉपवर रात्रभराचं नाटक एडिट करायचं आहे, जागाच पुरून नाही राहिली

धानबांधीवाला (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच उलटे दहा प्रश्न विचाराल, म्हणून सगळंच लिहितो.

माझी धानाची शेती आहे. दिवाळी झाली, मंडई (आमच्याकडची गावजत्रा) सुरू झाली की कॅमेरा घेऊन फिरतो. शंकरपट (बैलांच्या शर्यती), लग्न, बारसं, जे येईल ते. यंदा दोन गावच्या मंडळांनी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकाचं पूर्ण शूटिंग सांगितलं आहे. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आमच्याकडे नाटक म्हणजे अडीच तासांत घरी असं काही नसते. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालते. मध्ये गाणी, लावणी, देणगीदारांची नावं, सगळं असते. वडसाच्या नाटक कंपनीला आधीच विचारून घेतलं आहे. त्यांचं म्हणणं, गावाला पेन ड्राइव्हवर द्या, यूट्यूबवर टाकू नका. कबूल.

सामान असं आहे. दोन कॅमेरे, दोन्ही एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये लिहिणारे, १०८०, २४ मेगाबिट. एक समोर बाजेवर स्टँड लावून पूर्ण स्टेज, दुसरा बाजूनं चेहरे धरायला. मिक्सरवरून आवाजाची वायर सरळ पहिल्या कॅमेऱ्यात. लॅपटॉप आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज २३८ जीबी दाखवते, एकच सी ड्राइव्ह, त्यात ६० च्या आसपास मोकळे होते. बॅटरी बसलेली आहे, लाइन गेली की लॅपटॉप बंद. बाहेरची १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क आहे, त्यात ४०० जीबी रिकामे.

एका नाटकाचं फुटेज दर कॅमेऱ्याला ६५ जीबीच्या घरात, म्हणजे दोन्ही मिळून १३०. ते बाहेरच्या डिस्कवर ठेवलं. तालुक्याला एका दुकानदारानं डाविंची रिझॉल्व्हची फुकटवाली आवृत्ती टाकून दिली होती. त्यात लावलं तर अडकत अडकत चाले. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं की ऑप्टिमाइज्ड मीडिया, म्हणजे एडिटला सोपी जाणारी फुटेजची नक्कल, बनवा, म्हणून सगळ्या क्लिपा निवडून ते सुरू केलं आणि जेवायला गेलो. येऊन पाहतो तर सी ड्राइव्ह लालभडक. पाऊण तासाचं फुटेज झालं आणि जागा खलास. बाकी सव्वाअकरा तास तसेच.

आता विचारायचं हे की हलकं सॉफ्टवेअर टाकलं तर जागा वाचते का? कोणतं टाकू? फुटेज सी ड्राइव्हवर आणलं तर अडकणं थांबेल का? आणणार तरी कसं म्हणा. नवीन लॅपटॉप घ्या हे तेवढं कोणी सांगू नका. धानाचा चुकारा अजून यायचा आहे.


पोटासाठी_पुण्यात

मूळचा लाखांदूरचा, त्यामुळे रात्रभराचं नाटक काय ते माहीत आहे, लहानपणी बोऱ्यावर झोपून पाहिलेली आहेत. माझ्या मते दोन मार्ग. सगळं फुटेज क्लाउडवर टाका, हवं तेवढंच खाली उतरवा. नाहीतर १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घेऊन जुनी काढून टाका, विषय संपला.


धानबांधीवाला

भाऊ, क्लाउडचा हिशेब मी केला होता. पॅकमध्ये दिवसाला २ जीबी मिळतात. १३० जीबी चढवायला ६५ दिवस, तेही घरात दुसऱ्या कोणी मोबाइल पाहिला नाही तर. तोपर्यंत मंडळ मलेच स्टेजवर उभं करेल. एनव्हीएमईचं चुकारा आल्यावर पाहू.


आर्वीची_एडिटवाली

भाऊ, मी आर्वीला लग्नाचं एडिटिंग करते. शूटिंग आमच्या घरचे करतात, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत टेबलावर बसून कापाकापी माझी. माझ्या कॉम्प्युटरलाही २५६ ची एसएसडीच आहे आणि लग्नसराईत एकाच वेळी चार-चार लग्नं त्यावर पडून असतात. तेव्हा जागा नाही हे रडगाणं मला नवीन नाही.

पहिलं म्हणजे सॉफ्टवेअर जागा खात नाही. जड म्हणतात ते सॉफ्टवेअरही काही जीबीत मावते. फुटेज तुमचं बाहेर आहे. मग सी ड्राइव्ह भरला कशानं? सॉफ्टवेअर तुमच्या मागे जे लिहीत बसते त्यानं. ऑप्टिमाइज्ड मीडिया, रेंडर कॅश, आवाजाच्या लाटा दाखवायच्या फाइली, लहान चित्रं, आपोआप होणारे बॅकअप. हे कुठे लिहायचं ते आपण सांगितलं नाही तर ते बहुतेक सी वरच जाते.

तुमच्या पाऊण तासाचं गणित बघा. कॅमेऱ्यात २४ मेगाबिट सेकंदाला, म्हणजे ३ एमबी, म्हणजे तासाला १०.८ जीबी. ऑप्टिमाइज्ड मीडिया मूळ आकारातच, डीएनएक्सएचआर एचक्यूसारख्या फॉरमॅटमध्ये बनला तर सेकंदाला साधारण १८० मेगाबिट लागतात. तासाला ८० जीबीच्या वर. पाऊण तासात तुमचे ६० गेले, बरोबर जुळते की नाही? बाराही तास होऊ दिले असते तर जवळजवळ १ टीबी लागला असता. मूळ १३० जीबी आणि त्याची सोयीची नक्कल १ टीबी! त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. मोठ्या स्टुडिओत डिस्कची ददात नसते, तिथं हेच योग्य.

असं का होते तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॅमेरा जागा वाचवायला प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण, बाकीच्यांत आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच. किराणा दुकानाच्या वहीत रोजची फक्त उधारी लिहिलेली असते, एकूण बाकी किती ते विचारलं की दुकानदाराला मागची पानं चाळून बेरीज करावी लागते, तसं. तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठे बोट ठेवलं की प्रोसेसरला मागची फ्रेम शोधून बेरीज करत यावं लागते. दोन कॅमेरे असले की दोनदा. अडकते ते इथं. एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणून सरसर चालते आणि म्हणूनच फाइल डोंगराएवढी होते.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघते. फुटेज सी वर आणू नका, काही फरक पडणार नाही. दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला ६ एमबी वाचायचे आहेत. साधी फिरती हार्ड डिस्क १०० च्या आसपास देते. जुन्या काळ्या यूएसबी पोर्टात लावली तरी ३०-३५ मिळतात. डिस्क आरामात आहे, धाप लागून राहिली ती प्रोसेसरला.

म्हणून करायचं काय, तर प्रॉक्सी, म्हणजे कापाकापीपुरती फुटेजची हलकी नक्कल, पण लहान. एवढी लहान की लाज वाटावी. मी ६४० रुंदीची, एच.२६४ मध्ये, २ मेगाबिटची बनवते. तासाला ०.९ जीबी. तुमचे बारा तास ११ जीबीत बसतात. कापायला, कोणता कॅमेरा कधी घ्यायचा ते ठरवायला एवढं चित्र पुरते. नाटकात कोण कधी बोलते ते ऐकूनच अर्धं कळते. फोकस नीट आहे का एवढ्यासाठी मात्र मूळ क्लिप उघडून बघायची, प्रॉक्सीवर सगळंच मऊ दिसते. शेवटी फाइल बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ फुटेजच वापरते. फक्त रेंडरच्या खिडकीत "प्रॉक्सी वापरा" अशा अर्थाची चौकट असते, ती रिकामी आहे ना ते बघून घ्या.

या लॅपटॉपवर मी केडेनलाइव्ह टाकेन. फुकट आहे, मुक्त आहे, ८ जीबी रॅमवर चालते. रिझॉल्व्ह वाईट नाही, रंगाच्या कामात त्याला तोड नाही, पण बनवणारेच १६ जीबी रॅम मागतात आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असावं म्हणतात. तुमच्याकडे दोन्ही नाही. आणि नाटकात रंगाचं काम काय करणार? स्टेजवरचा लाल दिवा लालच राहणार.

केडेनलाइव्ह उघडल्यावर एकही क्लिप आत घ्यायच्या आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जा. प्रॉक्सी सुरू करा, प्रॉक्सीचा आकार लहानातला लहान निवडा. आणि प्रोजेक्टच्या फाइली प्रोजेक्ट ज्या फोल्डरात आहे तिथंच ठेवायचा पर्याय असतो, तो लावा. नाहीतर ते विंडोजच्या ॲपडेटाच्या पोटात कुठेतरी लिहीत बसते आणि महिन्याभरानं तुम्ही पुन्हा इथं प्रश्न टाकाल. त्याच खिडकीत कॅश डेटाचा वेगळा भाग आहे, कोणत्या गोष्टीनं किती जागा घेतली ते तिथं दिसते, तिथूनच पुसता येते.

माझ्याकडे सी ड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव "ठेवायचं", दुसऱ्याचं "फेकायचं". प्रोजेक्टची फाइल, शीर्षकं, नवरा-नवरीचे फोटो हे ठेवायचं. प्रॉक्सी, कॅश, जे सॉफ्टवेअर पुन्हा बनवू शकते ते सगळं फेकायचं. लग्न पोचतं केलं की दुसरा फोल्डर डोळे मिटून रिकामा करते. हे नाव ठेवल्यापासून घरातल्या कोणालाही सांगता येते, की बाई, जागा कमी पडली तर यातलं उडव, मला फोन करू नको.

रिझॉल्व्हच ठेवायचं असेल तर तीन ठिकाणं बघा. प्लेबॅक मेन्यूतून रेंडर कॅश पुसता येते. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये वर्किंग फोल्डर्स आहेत, तिथं कॅशची जागा बदलते. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया स्टोरेजची यादी आहे, तिथं जी डिस्क पहिली तिच्यावर भार. आणि प्लेबॅकमध्येच टाइमलाइनचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करायची सोय आहे. तिला डिस्कवर एक अक्षरही लिहावं लागत नाही. ऑप्टिमाइज्डच्या नादी लागायच्या आधी तेच करून बघायचं असते. प्रीमियर वापरणाऱ्यांसाठी जाता जाता, प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशचं पान आहे, जागा बदलणं आणि पुसणं दोन्ही तिथंच.

सगळ्यात मोठी बचत मात्र सॉफ्टवेअर उघडायच्या आधीची. देणगीदारांची नावं, लाइटवाल्याची खटपट, मध्यंतरात चिवड्याच्या दुकानावर ठेवलेला कॅमेरा, हे सगळं कशाला आत घ्यायचं? लॉसलेसकट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते व्हिडिओ पुन्हा न बनवता नुसता कापते. तासाची फाइल काही मिनिटांत होते, दर्जा तसूभर कमी होत नाही. पूर्ण फ्रेम असते तिथंच ते नीट कापते, म्हणून पुढेमागे चार-पाच सेकंद जास्त ठेवा. नाटकाच्या पोटात मात्र कापू नका. दोन कॅमेरे जुळवायचे आहेत ना, एकातून मधलं उडालं की आवाजावरून जुळवणी करताना डोकं फुटते. सुरुवात, शेवट आणि मध्यंतर, बस.

लांबलं, बाकी नंतर. कुकर लावायचा आहे.


कुही_मांढळवाला

ताईंनी सगळंच सांगितलं. माझं एकच, विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. विंडोज आणि त्याचे अपडेट मिळून ४० जीबी आरामात अडवतात, मिंट त्याच्या निम्म्यातही बसते. केडेनलाइव्ह मूळचं तिकडचंच आहे. मी तेच वापरतो.

विंडोज सोडायचं नसेल तर शॉटकटही पाहा. त्याची पोर्टेबल आवृत्ती मिळते, इन्स्टॉल न करता बाहेरच्या डिस्कवरूनही चालते, प्रॉक्सीची सोय २०२० पासून आहे. मला केडेनलाइव्हपेक्षा ते समजायला सोपं वाटलं, पण दोन कॅमेरे आवाजावरून जुळवायचे तर केडेनलाइव्हच बरं.


आर्वीची_एडिटवाली

मिंटचं खरं आहे, पण ऐन सीझनमध्ये घर बदलायला सांगू नका त्यांना. आणि रिझॉल्व्हकडे परत जायचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या, की लिनक्सवर त्याची फुकटवाली आवृत्ती एच.२६४ उघडत नाही. एव्हीसीएचडी म्हणजे आतून एच.२६४ च. सगळं फुटेज आधी बदलावं लागेल आणि पुन्हा जागेच्या खड्ड्यात.

राहिलेलं सांगते. सी ड्राइव्ह झाडून घ्या. विझट्री नावाचं साधन आहे, डिस्कवर कोण किती बसलं आहे ते मोठ्यापासून लहानापर्यंत दाखवते. अंदाजानं पुसण्यापेक्षा ते बरं. दोन गोष्टी जवळजवळ नक्की सापडतील. एक, कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपनं उतरवून ठेवलेले सुप्रभात. दोन, हायबरनेटची फाइल, लॅपटॉप झोपवताना रॅममधलं जिच्यात लिहून ठेवतात ती. तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के असतो, तुमच्याकडे ३ जीबीच्या पुढे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश एच, जागा, ऑफ, असं इंग्रजीत टाकलं की जाते. लाइन जायच्या आधी लॅपटॉप झोपवता येतो म्हणून लोक ती ठेवतात. पण तुमची बॅटरीच बसली आहे, झोपायला वेळच मिळत नाही, मग ती फाइल कोणाच्या कामाची? डिस्क क्लीनअपमध्ये सिस्टम फाइली निवडून जुने अपडेटही काढा.

मात्र झाडून जे मोकळं होईल ते सगळं वापरू नका. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहायचा वेग पडतो आणि विंडोजलाही स्वॅपला, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवायला, जागा लागते, ८ जीबी रॅमवर तर जास्तच. मी २३८ मधले ४० रिकामे ठेवते. तेवढ्याला हात लावायचा नाही असं ठरवूनच टाकलं आहे.


धानबांधीवाला

ताई, तुमचं वाचून आधी विझट्री लावलं. रिझॉल्व्हचा कॅश फोल्डर ५० च्या वर निघाला, तो त्याच्याच मेन्यूतून पुसला. व्हॉट्सॲप ९ जीबी! घरची मंडळी माझ्याच लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडतात हे आता समजलं. सगळं मिळून मोकळे ७४ झाले.

केडेनलाइव्ह टाकलं, पहिल्या कॅमेऱ्याच्या प्रॉक्सी बनवायला लावल्या आहेत. आतापर्यंत ज्या झाल्या त्या लोण्यासारख्या चालून राहिल्या. पण एक क्लिप बनत असताना लाइन गेली. लाइन आल्यावर पाहिलं तर आधीच्या क्लिपा शाबूत आहेत, तेवढी एकच पुन्हा बनवावी लागली. यावरून तीन शंका.

बाहेरची डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आहे, दुकानातून आली तशीच. लाइन गेली तर त्यातलं फुटेज जाईल का? त्याऐवजी एनटीएफएस फॉरमॅट करू का? आणि काल डिस्क दुसऱ्या पोर्टात लावली तर केडेनलाइव्ह म्हणे क्लिपा सापडत नाहीत. आणि शेवटी पेन ड्राइव्हवर देताना फाइल केवढी होईल?


आर्वीची_एडिटवाली

प्रॉक्सीचं बरोबर पाहिलंत. कॅमेरा स्वतःच मोठं रेकॉर्डिंग २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतो, म्हणून लाइन गेली तर एका तुकड्याचंच नुकसान. कार्डावरून घेताना मात्र नुसत्या एमटीएस फाइली वेचू नका, पूर्ण फोल्डर जसाच्या तसा उचला. कोणता तुकडा कोणाच्या मागे ते त्यात लिहिलेलं असते.

पोर्ट बदलल्यावर विंडोज कधी कधी डिस्कला दुसरं अक्षर देते. ई ची एफ झाली की सॉफ्टवेअरला वाटते सामान चोरीला गेलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला दूरचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. मी व्ही दिलं आहे, व्हिडिओची व्ही.

एक्सफॅटबद्दल कुहीवाल्या भाऊंना जास्त समजत असेल.


कुही_मांढळवाला

एक्सफॅटमध्ये जर्नल नसते. म्हणजे डिस्क लिहीत असताना लाइन गेली तर अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद कुठेच नसते आणि कधी कधी फाइलींची यादीच बिघडते. एनटीएफएसमध्ये जर्नल असते, ते स्वतःला सावरून घेते. विंडोजवरच काम करायचं असेल तर एनटीएफएस बरं. पण बदलायला फॉरमॅट करावं लागते आणि तुमच्या डिस्कवर ६०० जीबी भरलेले दिसतात. ते ठेवायला जागा नसेल तर आता हात लावू नका.

त्याऐवजी एवढं पाळा. एडिट करताना त्या डिस्कवरून नुसतं वाचणं होते, तेव्हा धोका कमी. लिहिणं होते ते तीनदाच, कार्डावरून कॉपी करताना, लॉसलेसकटनं कापताना आणि शेवटची फाइल काढताना. ते तिन्ही इन्व्हर्टर असेल तिथं बसून करा. प्रॉक्सी सी वर जातात, सी एनटीएफएसच असते. आणि मंडळानं नाटक टीव्हीवर पाहिलं असं सांगेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. एका डिस्कवर एकच प्रत असली तर तिला बॅकअप म्हणत नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फोनं डिस्कची तब्येतही पाहून घ्या. पिवळा रंग दाखवला तर पेन ड्राइव्हच्या आधी नवीन डिस्क घ्या.


पोटासाठी_पुण्यात

क्लाउडचा सल्ला मागे घेतला, हसू नका. एक कामाचं सांगतो. त्या काळातल्या बऱ्याच १५ इंची लॅपटॉपांत एसएसडी छोट्या एम.२ पट्टीची असते आणि अडीच इंची सॅटा डिस्कची जागा रिकामीच सोडलेली असते. लॅपटॉपच्या मॉडेल नंबरावरून शोधा, नाहीतर मागचं झाकण उघडून पाहा. तुमच्याकडे असेल तर जुन्या बंद लॅपटॉपमधली हार्ड डिस्कही आत बसते. मग डिस्कचं अक्षर बदलणं नाही, वायर हलणं नाही.


धानबांधीवाला

मॉडेल नंबर टाकून पाहिलं, जागा आहे म्हणते. तालुक्याला उघडून घेतलं, खरंच रिकामी जागा होती, पण जोडायची पट्टी आणि धरून ठेवायची फ्रेम कंपनीनं दिलेलीच नाही. ती मागवावी लागेल. साळ्याचा एक लॅपटॉप स्क्रीन फुटून पडला आहे, त्यात ५०० जीबीची डिस्क आहे. पट्टी आली की तीच बसवतो. भाऊ, तुमचा क्लाउड माफ.

ताई, पेन ड्राइव्हचं राहिलं.


आर्वीची_एडिटवाली

राहिलं नाही, पोळ्या लाटत होते.

गावात टीव्हीवरच पाहायचं आहे ना? मग १०८० ला ८ मेगाबिट पुरे, कॅमेरा जवळजवळ स्थिर आहे. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी, आवाज धरून ३.७ समजा. सहा तासांचं नाटक २२ जीबीत. पण सहा तासांची एकच फाइल काढू नका. पेन ड्राइव्हच्या जुन्या फॅट३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि बऱ्याच जुन्या टीव्हींना तेवढंच एक वाचता येते. अंक किंवा प्रवेश बघून एका तासाच्या आतले तुकडे पाडा. दर तुकडा ४ च्या आत राहतो, कुठेही अडत नाही. पाहणाऱ्यालाही सोपं, झोप लागली तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फाइलीपासून सुरू. नावं ०१, ०२ अशी द्या, टीव्ही त्याच क्रमानं लावतो. आणि फाइली थेट बाहेरच्या डिस्कवर काढा, सी वर नको.

एक जास्तीचं. तुकडे पाडायला सहा वेगळे प्रोजेक्ट करू नका. एकाच टाइमलाइनवर सुरुवात आणि शेवटाच्या खुणा लावून तेवढाच भाग रेंडर करता येते, आणि केडेनलाइव्हमध्ये असे भाग रांगेत लावून रात्रभर सोडता येतात. इन्व्हर्टरवर, अर्थात.


धानबांधीवाला

समजलं. दोन्ही मंडळांना मिळून सहा पेन ड्राइव्ह द्यायचे आहेत. ६४ चे घेऊ का, दुसरं नाटकही त्यातच जाईल?


कुही_मांढळवाला

३२ चेच घ्या. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ च्या वरच्याला फॅट३२ चा पर्याय दिसत नाही, वेगळं साधन लागते. आणि एका पेन ड्राइव्हवर दोन गावांची नाटकं दिली तर कोणाचं चांगलं झालं यावर भांडण लागेल ते वेगळं. सगळे भरायच्या आधी एकावर एकच तुकडा टाकून ज्या टीव्हीवर लावणार आहेत त्यावर चालवून पाहा.


धानबांधीवाला

सरपंचांच्या घरचा टीव्ही आहे, सर्वात जुना तोच. उद्या जाऊन लावून पाहतो.